गाय बरी हाय

तुम्हाला कधी दुसऱ्याच्या चहासाठी गिऱ्हाईक व्हावं लागलं आहे का? मला लागलं आहे, आणि तेही तोंडात ब्रश असताना.

आमचे शेजारी दिनकरतात्या रोज सकाळी लवकर उठतात, अंघोळ करतात, इस्त्रीचा पांढरा सदरा घालतात, चहा करतात आणि पीत नाहीत. कपावर बशी झाकून ठेवतात. एका नव्या माणसाला आपल्या स्टार्टअपची माहिती दिल्याशिवाय कपाला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. "जुन्या सवयीला नवी सवय जुपायची. मुरलेल्या बैलाशेजारी खोंड जुपत्यात तसं," हे त्यांचं शास्त्र.

आता लासुर्ण्यात रोज सकाळी नवा माणूस आणायचा कुठून? म्हणून तात्या एसटी स्टँडवर जाऊन उभे राहतात. इंदापूरच्या गाडीतून उतरणारा पाहुणा, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका घेऊन आलेला जावई, पावाच्या गाडीचा नवा ड्रायव्हर, जो सापडेल तो. कुणीच सापडलं नाही तर आमच्या मोरीच्या खिडकीशी येतात. "पत्रक, उठलीस का गं? तू आज नवी हायस असं समज."

'पत्रक' म्हणजे मी. आमच्या घरात बाप पत्रकं छापायचा आणि आई ती वाटायची. हमालांची, धरणग्रस्तांची, अंगणवाडीताईंची. मला अक्षरओळख त्याच कागदांवरून झाली, त्यामुळे 'निषेध' हा शब्द मला 'निरोप' या शब्दाच्या आधी वाचता आला. तात्या तेव्हापासून मला याच नावाने हाक मारतात.

तात्यांच्या नियमाने गावाला मात्र खरोखर शिस्त लागली. तात्यांचा चहा होईपर्यंत स्टँडकडे फिरकायचं नाही, ही सवय अख्ख्या लासुर्ण्याने इतकी पक्की अंगी बाणवली की शाळेमागून नवी पायवाटच पडली.

तात्या साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाले. टाइम ऑफिस म्हणजे कामगारांची हजेरी घेण्याची जागा. भोंगा झाला की खिडकीत बसायचं आणि कोण आलं ते बघायचं, असं मला वाटायचं. तात्या मान हलवायचे. "आलेला दिसतोच की गं. त्याला बघायला मानूस कशाला ठेवतील? कोण आलं न्हाय, ते बघायचं असतं."

निवृत्त झालेली माणसं देवाला लागतात, नाहीतर सोसायटीच्या राजकारणाला. तात्या मोबाइलवरच्या व्हिडिओंना लागले. गुळगुळीत दाढी केलेला एक इसम काचेच्या इमारतीसमोर उभा राहून सांगतो की यश म्हणजे निव्वळ सवय. पहाटे उठा, बिछाना आवरा, थंड पाण्याने अंघोळ करा आणि कंपनी वाढवा. मला या इसमाला एकदा हंगामात आमच्याकडे आणायचं आहे. ऊसतोडीच्या बाईच्या पाचटाच्या कोपीसमोर उभं करून विचारायचं आहे, की बाबा रे, ही बाई जन्मभर पहाटे उठते, थंड पाण्यानेच अंघोळ करते, बिछाना तर असा आवरते की तो रात्री होता याची खूण राहत नाही. हिची कंपनी कुठं आहे?

हे सगळं मी तात्यांना एकदा उभ्याउभ्या ऐकवलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खरं हाय. आता हेच बारीक करून एका वळीत सांग. मोठं कुणी ऐकत न्हाय."

'बारीक कर' हा त्यांचा मंत्र. कुठलीही गोष्ट अंगवळणी पडायची तर ती आधी बारीक करायची. व्यायाम करायचा तर पहिला आठवडा नुसतं मैदानाकडे तोंड करून उभं राहायचं. वाचनाची सवय लावायची तर आधी चष्मा पुसायचा. तात्यांचा चष्मा आजही आरशासारखा लखलखीत असतो. वाचन अजून सुरू व्हायचंय.

तर असा हा माणूस, ज्याच्या दारात उभ्या आयुष्यात कधी शेळीही बांधलेली नव्हती, त्याने काढला गोठ्यांचा स्टार्टअप. नाव 'गोठा हजेरी'.

तात्यांच्या पुण्यातल्या भाच्याने ॲप बनवून दिलं. बिचाऱ्याने कॉलेजात शिकलेलं सगळं त्यात ओतलं होतं. दूध किती, फॅट किती, वैरण किती, गायीचा ताप, लसीची तारीख. तात्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बारीक कर." भाच्याने निम्मं काढलं. "अजून बारीक कर." असं करत करत शेवटी पडद्यावर एकच हिरवं बटण उरलं. त्यावर लिहिलेलं होतं: 'गाय बरी हाय'. भाच्याचं म्हणणं होतं, निदान 'आहे' तरी लिहू. तात्या म्हणाले, "आहे म्हणाया ती काय पुण्याची गाय हाय?"

वापरायची रीत सोपी. सकाळी धारेला बसताना बादली हातात घ्यायची आणि बटण दाबायचं. बादली ही जुनी सवय, बटण ही नवी. दाबलं की फोनमधून घंटा वाजते आणि तात्यांचा आवाज येतो, "शाब्बास!" हे बक्षीस. बक्षिसाशिवाय सवय टिकत नाही, असं तो काचेच्या इमारतीवाला म्हणतो. दूध डेअरीला जायच्या वेळेपर्यंत कुणाचं बटण दाबलं गेलं नाही, तर तात्यांच्या फोनवर त्या नावापुढे लाल ठिपका येतो. मग तात्या फोन करतात. फोन उचलला नाही तर स्वतः मोपेडवर बसून त्या वस्तीवर जातात.

"आणि गाय आजारी निघाली तर?" मी विचारलं होतं.

"तर डॉक्टरला फोन."

"आणि बरी निघाली तर?"

"तर शाब्बास."

भाचा दर महिन्याला हात जोडून सांगायचा, "मामा, अशानं कंपनी वाढत नाही. प्रत्येक लाल ठिपक्यामागं संस्थापक मोपेडवरून जायला लागला तर पेट्रोल पंप वाढेल फक्त."

पण सवय लागली. कुणाला लागली, ते शेळगावच्या पोपटरावांना विचारा. पोपटराव रोज म्हशीच्या कुशीला बसून इमानाने बटण दाबायचे, "शाब्बास!" व्हायचं, मग धार सुरू. एके दिवशी पोपटराव लग्नाला इंदापूरला गेले, फोन खिशात घालून. घरी त्यांची मालकीण धारेला बसली, तर म्हैस पान्हा सोडेना. रेडकू पाजून पाहिलं, आंबोण ठेवलं, पाठ थोपटली, शिव्या दिल्या. म्हैस मान वळवून कुणाची तरी वाट बघत उभी. शेवटी बाईंना उमजलं. शेजारच्या फोनवरून त्यांनी तात्यांना गाठलं. तात्या तेव्हा स्टँडवर एका पाहुण्याला धरून उभे होते.

"तात्या, फोन म्हशीच्या कानाला लावते. तेवढं शाब्बास म्हणा."

तात्या भर स्टँडवर ओरडले, "शाब्बास!"

"आलं, आलं! ... तात्या, फिरून एकदा म्हणा. एक सड राह्यलाय."

"शाब्बास!"

तो पाहुणा परत गाडीत चढला म्हणतात.

दुसरीकडे पणदऱ्यात एका आळीने सहकाराचं तत्त्व लावलं. आपल्याकडे वार्षिक सभेत एकाने 'मंजूर' म्हटलं की सगळ्यांचं मंजूर होतं, त्यातलाच प्रकार. सगळ्यांनी आपापले फोन डेअरीच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि चहा पीत बसलेल्या एकाने ओळीने सगळ्यांची बटणं दाबायची. कट्ट्यावरून रोज सकाळी "शाब्बास, शाब्बास, शाब्बास" असा गजर उठायचा. ॲपवर पणदऱ्याच्या सगळ्या गायी कायम ठणठणीत.

भाचा खूश. एका गावात इतकं गिऱ्हाईक! आणि तात्यांनी काय करावं? अख्खी आळी ॲपवरून काढून टाकली.

मी म्हटलं, "तात्या, धंदा वाढवायचा म्हणून रोज सकाळी उपाशी फिरता आणि आलेलं गिऱ्हाईक हाकलता?"

"ते रोज एका कट्ट्यावर बसत्यात," तात्या म्हणाले. "एक न्हाय आला तर बाकीचे इचारत्यात, का रं न्हाय आला? त्यांना आपली काय गरज?"

मला हे अजिबात कळलं नव्हतं. गायीच्या तब्येतीचा आणि कट्ट्याचा संबंध काय? मी ते त्यांच्या विक्षिप्तपणाच्या खात्यात जमा केलं आणि विसरले.

तात्यांचं स्वतःचं घर मोठं आहे आणि त्यात ते एकटे असतात. काकू गेल्या त्याला काही वर्षं झाली. मुलगा परदेशात. तो दर रविवारी न चुकता फोन करतो. ही सवयही तात्यांनीच लावलेली. भिंतीपलीकडून मला तो संवाद पाठ झालाय. "कसे आहात?" "उत्तम. तू?" "उत्तम." संपला. इतका बारीक, की आणखी बारीक करायला जागाच नाही.

यंदा बारामतीत नवउद्योजकांचा एक निवड मेळावा भरला. ज्याची निवड होईल त्याला बसायला जागा, तंत्रज्ञ आणि वर्षभर पाठबळ. भाच्याने तात्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "मामा, ही निवड झाली तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून ॲप बंद. मला नोकरी सांभाळून हे आता ओढवत नाही." त्याचंही चुकत नव्हतं.

म्हणजे 'गोठा हजेरी'चा जीव त्या एका सकाळवर आला. मंचावर बोलायचं भाषण लिहायला तात्यांनी मला धरलं. मी दोन पानं लिहिली. त्यात शेतकरी होता, शोषण होतं, पशुधन होतं, शेवटी एक हाकही होती. तात्यांनी पेन घेतलं आणि बारीक करायला बसले. शेवटी एक वाक्य उरलं: 'कोण आलं न्हाय, ते आमी बघतो.'

"हे काय भाषण झालं?"

"पुरं हाय."

मेळाव्याच्या दिवशी तात्या इस्त्रीच्या सदऱ्यावर कोट घालून तयार होते. मी मोपेडवर मागे बसणार, तेवढ्यात त्यांनी फोन पाहिला. लाल ठिपका. शेळगावच्या पुढे वस्तीवर राहणाऱ्या कृष्णाआक्कांचा. आक्कांचे मालक कारखान्यात तात्यांच्या बरोबरीचे. ते वारले, मुलगी सासरी, आणि उसाच्या मधोमध त्या घरात आक्का एकट्या. तात्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

तात्यांनी मोपेड वळवली.

"तात्या, बारामती तिकडं आहे!"

"म्हाईत हाय."

"एका गायीसाठी सगळं घालवणार आहात का? डॉक्टरला फोन करा, तो जाईल."

लासुर्ण्याच्या पश्चिमेला बारामती, पूर्वेला शेळगाव. मी मागे बसून आयुष्यात पहिल्यांदा भांडवलदारांच्या बाजूने बोलत होते. गुंतवणूक, संधी, वेळेचं मूल्य, असले शब्द माझ्या तोंडून निघत होते आणि उसाच्या पाचटाची कुसळं तोंडात जात होती.

वस्तीवर पोचलो. आक्का ओट्यावर बसल्या होत्या. पाय पसरून, डोक्यावर पदर, मांडीवर फोन. एकदम धडधाकट.

तात्यांनी मोपेड स्टँडवर न लावताच सोडली. ती आडवी झाली. "आक्का! बटन का न्हाय दाबलं? फोन का न्हाय उचलला?"

"मुद्दाम," आक्का म्हणाल्या.

"आं?"

"म्हटलं बगावं. फोनातनं तर रोज शाब्बास म्हणतोस. मानूस येतोय का न्हाय, ते बगितलं." मग माझ्याकडे वळून, "ही कोण? रामभाऊची पोरगी व्हय? लई वाळलीस गं."

माझा संताप डोक्यात गेला होता. भांडण नको म्हणून मी तशीच गोठ्याकडे गेले. निदान जिच्यासाठी हे सगळं घालवलं ती गाय तरी बघावी. गोठ्यात चुलीचं जळण रचलेलं होतं. गव्हाणीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच परवानगी न घेता आले आहे.

मी बाहेर आले. "आक्का, गाय कुठाय?"

"इकली की. दिवाळीच्या आदीच. वैरण कापाया हात चालंना."

"मग रोज सकाळी 'गाय बरी हाय' असं कसं दाबता?"

आक्कांना प्रश्नच समजला नाही. "मग? गाय न्हाय म्हणून दाबायचं न्हाय व्हय?"

मी तात्यांकडे पाहिलं. आता यांना धक्का बसणार, असा माझा अंदाज. ॲपवरची माहिती खोटी, आणि खोट्या गायीपायी मेळावा बुडाला. तात्या मोपेडचा आरसा सरळ करत होते. "म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "मीच गिऱ्हाईक आणून दिलं तिच्या गायीला."

आक्कांनी चहा आणला. तात्यांनी त्या दिवशी एकाही नव्या माणसाला माहिती दिलेली नव्हती. तरी ते ओट्यावर बसले आणि बशीत ओतून चहा प्यायले. सगळा. वर अर्धा कप मागून घेतला.

परतीच्या वाटेवर वारा कानात घुसत होता, म्हणून तात्या ओरडून बोलत होते. "पत्रक, एकट्या मानसाला इचार, बरी हायस का? ती म्हणंल, बरी हाय. मरायला टेकली असली तरी म्हणंल बरी हाय. गायीचं इचार. मग सांगती, खात न्हाय नीट, रात्री उठून बसली हुती, पाय सुजलाय."

"गायीचा?"

तात्यांनी ब्रेक दाबला. पुढे खड्डा होता.

बारामतीला पोचलो तेव्हा मांडवात खुर्च्या एकात एक घालायचं काम चाललं होतं. निवड समितीतले एक जाकीटवाले साहेब अजून होते. त्यांनी तात्यांचा कोट, कोटावरची धूळ आणि धुळीवरचं पाचट पाहिलं. फार प्रेमाने तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, तुमचं नाव पुकारलं, तुम्ही नव्हता. आम्ही पुढं गेलो. उद्योगात पहिली सवय लावून घ्यायची ती वेळ पाळायची."

जन्मभर टाइम ऑफिसात बसलेल्या माणसाला! माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार झालं होतं, मथळ्यासकट. तात्यांनी माझा दंड धरला.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "प्रयत्न करतो."

मी पाहिलं, समोरच्या टेबलावर यादी होती आणि जे हजर नव्हते त्यांच्या नावांवर सरळ रेघ मारलेली होती. हीपण हजेरीच. जो आला नाही त्याच्यावर रेघ मारून पुढे जायचं. अशाच कंपन्या वाढतात, आणि त्यांच्यावर व्हिडिओ निघतात.

भाच्याने शब्द पाळला. महिना संपला आणि हिरवं बटण गेलं. मला वाटलं, आता तात्या चहा वेळेवर पितील आणि शाळेमागची पायवाट मोडेल. तसं झालं नाही. बटण गेलं, तर तात्यांनी फोन करायला सुरुवात केली. लाल ठिपक्याची वाट न बघता, रोज, एकेका वस्तीवर. पोपटरावांच्या म्हशीला धारेच्या वेळी "शाब्बास" लागतं, म्हणून पहिला फोन तिला. मग बाकीचे. चहा बशीखाली तसाच.

परवा मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. तात्या पायरीवर बसून बोलत होते.

"आक्का, गाय बरी हाय का? ... आन् खाती का? ... दोनदा उठली रातीला? मग डॉक्टरला सांगतो मी. त्याला काय हुतंय, येऊन जाईल." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. आक्कांनी पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तात्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि आपल्या रिकाम्या अंगणाकडे बघत म्हणाले, "माजी म्हस? हाय की बरी. ... न्हाय, खाती. एकटीच असती ना दावणीला, म्हणून जरा कमी खाती, एवढंच."

मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. संध्याकाळी आई भाकरी करत होती, तेव्हा मी ताट वाढून भिंतीपलीकडे तात्यांना नेऊन दिलं. तात्या म्हणाले, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "सवय लावतेय. बारीक करून."

तात्यांना आता सगळे फोन जमत नाहीत. सगळे केले तर चहा दुपारी प्यावा लागेल. धंदा वाढवायला माणसं हवीत. म्हणून हे पत्रक समजा आणि एवढं करा. तुमच्याही ओळखीत कुठेतरी वस्तीवर, चाळीत, नाहीतर चांगल्या लिफ्टवाल्या इमारतीत एकटं राहणारं कुणी असेल. उद्या सकाळी चहाच्या कपावर बशी झाका आणि आधी त्यांना फोन लावा. 'कसे आहात' असं विचारू नका. गाय कशी आहे, ते विचारा. गाय नसेल तरीही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.